ट्रॉली जोडली की गाडी म्हणते बल्ब गेला – ट्रेलरच्या लाईटी आणि गाडीतला कॉम्प्युटर

मोहाडीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, कारण मागच्या आठवड्यात जे झालं त्यानंतर दोन रात्री नीट झोप नाही लागली.

माझी डिझेल एसयूव्ही आहे, २०२१ ची, आणि तिच्यामागे दोन चाकी छोटी ट्रॉली. पासिंग रीतसर केलेलं. सीझनला बागेतून क्रेट आणायचे, एरवी पाण्याची टाकी नाहीतर जनरेटर न्यायचा. ट्रॉलीच्या लाईटीचं वायरिंग एका गॅरेजला करून घेतलं होतं, त्यांनी गाडीच्या मागच्या लाईटच्या वायरी सोलून तिथेच जॉइंट मारले आणि सात पिनांचं सॉकेट बसवून दिलं. दोन महिने सगळं व्यवस्थित चाललं. मग डॅशबोर्डवर मधूनच डाव्या मागच्या लाईटचा फॉल्ट यायला लागला, गाडी बंद करून चालू केली की जायचा, म्हणून मी लक्ष दिलं नाही. ही माझी चूक.

मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास नाशिकजवळच्या जानोरीहून मोहाडीकडे येत होतो, रस्त्याला दिवे नाहीत, मागून एक मोटरसायकल आली, नवराबायको आणि मध्ये लहान पोरगी. त्यानी शेवटच्या क्षणाला गाडी उजवीकडं काढली म्हणून वाचले. पुढं येऊन थांबला आणि म्हणाला, भाऊ मागं काहीच दिसत नाही, एकच लाल दिवा दिसतोय, मला वाटलं पुढं मोटरसायकल आहे. उतरून बघितलं तर ट्रॉलीची डावी बाजू पूर्ण अंधारात, गाडीचा डावा टेल लाईटसुद्धा बंद. उजवा तेवढा चालू. म्हणजे त्याला रस्त्याच्या उजव्या अंगाला एक लाल ठिपका दिसला आणि तो डावीकडून निघायला बघत होता, जिथे माझी पाच फुटी ट्रॉली होती. ती पोरगी त्याच्या पाठीला धरून बसली होती, तिचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

गाडी बंद करून चालू केली तर सगळ्या लाईटी परत आल्या!

आता लक्षणं सांगतो. एक म्हणजे हा डाव्या बाजूचा फॉल्ट, खड्ड्यातून गेलं की जास्त येतो. दुसरं, ब्रेक दाबला की ट्रॉलीचे दोन्ही इंडिकेटर मंद पेटतात. तिसरं, ट्रॉलीला टेल लाईटच्या एलईडी पट्ट्या लावल्यात (ब्रेक आणि इंडिकेटर साधे बल्बच आहेत), तर लाईटचं बटण बंद असतानाही त्या पट्ट्या हलक्याशा लुकलुकतात, अंधारात उभं राहिलं तरच कळतं. आणि रिव्हर्स टाकला की पार्किंग सेन्सर अखंड ओरडतो, त्याला ट्रॉली म्हणजे भिंत वाटते. हे सगळं एकाच कारणानं होतंय की वेगवेगळं? जाणकारांनी सांगा प्लीज, १५ दिवसांत बागेची तोड सुरू होतेय आणि तोपर्यंत मी ट्रॉली अंधारात बाहेर काढणार नाही.

गोदाकाठ

बापरे. वाचतानाच अंगावर काटा आला. सगळे सुखरूप आहेत हे महत्त्वाचं.

माझ्या माहितीप्रमाणे एलईडी लावले की गाडीला करंट कमी दिसतो आणि ती बल्ब गेला असं समजते. त्यावर उपाय म्हणून रेझिस्टर मिळतात, वायरीला समांतर जोडायचे. मित्राच्या गाडीला लावलेत, वॉर्निंग गेली.

सातपूर_वायरिंग

मोहाडीकर दादा, २२ वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, तुमची चारही लक्षणं ओळखीची आहेत. सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी हे समजून घ्या की तुमच्या गाडीत लाईटचं बटण लाईटला जोडलेलंच नाही. जुन्या जीपमध्ये बटणातून करंट जायचा, फ्यूजमधून जायचा आणि बल्बला पोचायचा, वाटेत कुठंही जॉइंट मारा, फार तर फ्यूज उडणार. नव्या गाडीत बटण फक्त निरोप देतं. तो निरोप बीसीएमला जातो, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, आणि बीसीएम ठरवतं कुठल्या बल्बला किती करंट सोडायचा. त्याच्या आत प्रत्येक लाईटला एकेक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. रिले (चुंबकानं पाती ओढणारा स्विच) नाही, चिप. ही चिप करंट सोडते आणि त्याच वेळी तो मोजतेसुद्धा. २१ वॅटचा बल्ब म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर, ५ वॅटचा म्हणजे साधारण ०.४ अँपिअर. ही रक्कम तिला पाठ असते. कमी आला तर बल्ब गेला म्हणते, फारच जास्त आला तर शॉर्ट समजून ती लाईन बंद करून टाकते.

तुमच्या वायरिंगमध्ये एका बल्बच्या जागी दोन झाले. थंड बल्बची तार पहिल्या क्षणाला चालू करंटच्या दहापट खेचते, म्हणजे एका बल्बला १५-१७ अँपिअरचा झटका, दोघांना दुप्पट. चिप हे काही दिवस सहन करते. पण तुमच्या डाव्या बाजूला मला वेगळा संशय आहे. टेलला तर एलईडी आहेत, ते काय करंट खाणार? खड्ड्यात फॉल्ट येतो याचा अर्थ डावी टेलची वायर कुठंतरी घासून उघडी पडलीय आणि हादऱ्यानं बॉडीला टेकते. टेकली की चिपला शॉर्ट दिसतो, ती लाईन बंद करते, आणि तुम्ही गाडी बंद करून चालू करेपर्यंत परत देत नाही. म्हणून गाडीचा स्वतःचा टेलही गेला, दोघांची लाईन एकच ना. जुन्या गाडीत फ्यूज उडाला असता आणि तुम्हाला लगेच कळलं असतं. काही युरोपियन गाड्यांत तर शॉर्ट किती वेळा झाला हे मोजलं जातं आणि ठरावीक आकडा झाला की ती लाईन कायमची लॉक होते, मग सॉफ्टवेअर लावून उघडावी लागते. म्हणून असला फॉल्ट किल्ली फिरवून घालवत बसू नका कुणी.

ब्रेकला इंडिकेटर मंद पेटतो हे शंभर टक्के अर्थिंग. ट्रॉलीला अर्थची वेगळी वायर आहे का बघा. माझी खात्री आहे की नसणार, किंवा असली तर सडलेली. अर्थ हुकाच्या गोळ्यातून जातोय, आणि गोळ्याला तुम्ही ग्रीस लावता, लावायलाच पाहिजे. मग ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला परत जायला रस्ता मिळत नाही, तो इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा घुसतो आणि गाडीच्या इंडिकेटरमधून अर्थला पोचतो. करंट घरी जाण्याचा रस्ता शोधतोच.

पट्ट्या लुकलुकतात तो फॉल्ट नाहीच. लाईट बंद असतानाही बीसीएम मधूनमधून अगदी बारीक झटका सोडून बघतं की बल्ब जागेवर आहे का. एवढ्याशा वेळात साध्या बल्बची तार गरमसुद्धा होत नाही म्हणून डोळ्याला काही दिसत नाही, एलईडी मात्र लगेच पेटतो.

आणि गोदाकाठ भाऊ, रेझिस्टरबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ट्रॉलीला तर बिलकूल लावू नका. तो बाजारात ६.८ ओहमचा मिळतो. गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर ब्रेक दाबून ठेवल्यावर तो २८ वॅट उष्णता टाकतो. नाशिकच्या द्वारका सर्कलला सिग्नलवर दोन मिनिटं ब्रेकवर पाय ठेवला तर हात लावता येणार नाही इतका तापतो. प्लॅस्टिकच्या लाईटमागे हा चिकटवलेला आणि त्यामुळे वायरीचं इन्सुलेशन वितळलेलं मी स्वतः बघितलंय. शिवाय त्यानं वॉर्निंग जाते म्हणजे काय होतं, तर बल्ब खरंच गेला तरी गाडीला रेझिस्टरचा करंट दिसत राहतो.

गोदाकाठ

हे माहीत नव्हतं. मित्राला आजच सांगतो. धन्यवाद.

आडगाव_नाका

सातपूरभाऊंशी सहमत. ट्रकवाल्यांच्या बाजूनं एक भर घालतो. ट्रक टर्मिनलच्या आसपासच्या दुकानांत लाईटी आणि बल्ब स्वस्त मिळतात पण ते २४ व्होल्टचे असतात, बघून घ्या. आमच्या एका पाहुण्यानं पिकअपच्या ट्रॉलीला तेच लावले, पेटत होते पण पिवळट, दुपारी उन्हात ब्रेक लागला की नाही ते कळायचं नाही. आणि करंट मोजणाऱ्या गाडीला असा बल्ब अर्धामुर्धाच दिसणार. बल्बच्या टोपीवर व्होल्ट छापलेले असतात.

अवांतर: पूर्वीच्या जीपना इंडिकेटर मिचकवणाऱ्या फ्लॅशरच्या डबीवर ४९, ४९अ, सी असे टर्मिनल यायचे, ट्रेलरसाठीच्या डबीवर सी२ पण असायचं. सी२ ला डॅशबोर्डवर वेगळा हिरवा दिवा लावायचा. ट्रॉलीचा इंडिकेटर चालू असला तरच तो मिचकायचा, बल्ब गेला की तो गप्प, म्हणजे गाडीत बसल्या बसल्या कळायचं. वडिलांच्या जीपला होता तो दिवा. आणि गाडीचा स्वतःचा बल्ब गेला तर इंडिकेटर दुप्पट वेगानं टिकटिक करायचा. नियमाप्रमाणे मिनिटाला ६० ते १२० वेळा मिचकायला हवा, त्याच्यावर गेला की समजायचं काहीतरी गेलंय. एवढ्या साध्या डबीत केवढी सोय होती!

निफाडची_थंडी

मोहाडीकर दादा, त्या पोरीचं वाचून वाईट वाटलं आणि तुम्ही ते लपवलं नाही याचं कौतुकही वाटलं.

आमच्याकडे मधाच्या पेट्यांची ट्रॉली आहे. डाळिंब, कांदा बी, सूर्यफूल, जिथे फुलोरा तिथे पेट्या हलवायच्या, आणि मधमाश्या रात्रीच हलवाव्या लागतात, त्यामुळे लाईट हा आमचा जिव्हाळ्याचा विषय. आमच्या गाडीला कंपनीचंच ट्रेलर मॉड्यूल आहे, १३ पिनांचं सॉकेट. प्लग लावला की गाडीला आपोआप कळतं, पार्किंग सेन्सर गप्प बसतात. पण एक गोष्ट मला कधी कळली नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पहाटे धुकं असतं तेव्हा मी मागचा फॉग लाईट लावते, तर ट्रॉली जोडली असताना गाडीचा फॉग पेटतच नाही, ट्रॉलीचा पेटतो. आधी वाटलं बिघडला, ट्रॉली काढली की परत पेटतो. हे असंच असतं का?

पंचवटी_इलेक्ट्रॉनिक्स

ताई, असंच असतं आणि मुद्दाम केलेलं असतं. गाडीचा फॉग लाईट ट्रॉलीच्या तोंडावर पडून उजेड परत मागे येतो, आरशात चकाकतो, आणि मागच्याला तर तो दिसतच नाही. म्हणून ट्रॉली आहे असं कळलं की गाडी स्वतःचा फॉग बंद ठेवते आणि ट्रॉलीचा लावते.

मी पॉलिटेक्निकला शिकवतो, हा विषय आवडीचा आहे म्हणून थोडं जास्त लिहितो.

ट्रॉली आहे हे गाडीला कसं कळतं, तर तीन रस्ते आहेत. काही सॉकेटमध्ये बारीक स्विच असतो, प्लग आत गेला की दाबला जातो. १३ पिनांच्या सॉकेटमध्ये १२ नंबरची पिन खास ट्रेलर ओळखण्यासाठी राखून ठेवलीय. आणि बरीच मॉड्यूल्स सरळ करंट मोजतात, ट्रॉलीच्या लाईनला बारीक झटका देऊन बघायचं, काहीतरी भार दिसला की ट्रॉली जोडलेली आहे. या तिसऱ्या प्रकारात सगळ्याच लाईटी एलईडीच्या असतील तर करंट इतका कमी की मॉड्यूलला ट्रॉली दिसतच नाही, म्हणून एलईडीला चालणारं मॉड्यूल आहे ना हे विचारून घ्यावं.

कळल्यावर मॉड्यूल ही बातमी कॅन बसवर टाकतं. कॅन बस म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, त्यावर गाडीतले सगळे कॉम्प्युटर बोलतात. बॉशनं हे १९८६ मध्ये जगापुढे मांडलं. बॉशचा कारखाना आपल्या सातपूरला पण आहे, तिथे डिझेलचे इंजेक्टर बनतात, कॅनचा जन्म मात्र जर्मनीतला. तर बातमी आली की प्रत्येकजण आपापलं बघतो, पार्किंगवाला मागचे सेन्सर बंद करतो, ब्लाइंड स्पॉटवाला गप्प होतो, आणि ज्या गाडीत सोय आहे तिथे ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) ट्रॉली डोलायला लागली का यावर लक्ष ठेवतं आणि एकेका चाकाला ब्रेक लावून ती सावरतं. ब्रेक दाबला हेही मॉड्यूलला वायरीतून नाही, कॅनवरच्या निरोपातून कळतं. मग ते बॅटरीवरून आलेल्या स्वतःच्या जाड वायरीतला करंट ट्रॉलीच्या बल्बला देतं आणि किती गेला ते मोजतं. कमी गेला तर डॅशबोर्डवर ट्रेलरचा डावा इंडिकेटर तपासा असा निरोप येतो. गाडीचे बल्ब बीसीएम बघतं, ट्रॉलीचे बल्ब मॉड्यूल बघतं, दोघांची खाती वेगळी.

मोहाडीकरांच्या जॉइंटमध्ये नेमकं हेच बिघडलंय, खाती मिसळली. त्यातला एक धोका अजून कुणी लिहिला नाही. समजा गाडीचा स्वतःचा इंडिकेटर बल्ब गेला, तर त्याच लाईनवरचा ट्रॉलीचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतोय, बीसीएमला बरोबर तेवढाच करंट दिसतो आणि ते म्हणतं सगळं ठीक. म्हणजे असा जॉइंट खोटी वॉर्निंग देतो आणि खरी दाबतोही.

मोहाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार, दिवसभर गाडीखाली होतो, पुतण्या मदतीला होता. जे सापडलं ते लिहितो.

सातपूरभाऊ, वायर सापडली! बंपरच्या आत जिथे हुकाची पट्टी येते तिथे डावी टेलची वायर पट्टीच्या कडेवरून गेली होती, ना स्लीव्ह, ना क्लिप. साधारण तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं आणि पट्टीचा रंग तेवढ्याच जागी खरवडून चकचकीत झालेला, मध्ये एक काळा ठिपका. दोन महिने दर खड्ड्याला ती तिथं टेकत होती.

अर्थची वायर होती पण नावाला. ट्रॉलीच्या दांडीला एका पत्र्याच्या स्क्रूनं आवळलेली, खाली रंग तसाच, वरून गंज. ट्रॉलीच्या अर्थला आणि बॅटरीच्या मायनसला मीटर लावला, पुतण्याला ब्रेक दाबायला आणि इंडिकेटर द्यायला सांगितलं. २.८ व्होल्ट! हे किती असायला पाहिजे?

आणि अजून एक, मी घाईनं बाजारातून साधा चार पिनांचा रिले आणला, म्हटलं टेलच्या वायरीनं फक्त रिले ओढायचा आणि करंट बॅटरीवरून घ्यायचा. तर लाईट लावली की रिले किर्रर्र असा वाजतो, हातात धरला तर झिणझिणतो. टेलच्या वायरीला मीटर लावला तर ३ व्होल्टच दाखवतोय, आणि गाडीचा टेल तर नीट पेटतोय. हे काय प्रकरण आहे?

सातपूर_वायरिंग

तो रिले आत्ता काढा दादा. तुमच्या गाडीत टेल आणि ब्रेकला मागे एकच दिवा दोन तेजांवर चालवलाय असं दिसतंय. टेलसाठी बीसीएम पूर्ण १२ व्होल्ट सोडतच नाही, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतं, त्यातला थोडाच वेळ चालू. डोळ्याला सलग मंद दिसतं, मीटर सरासरी काढून ३ व्होल्ट दाखवतो, आणि रिलेची पाती त्या चालू-बंदच्या मागे धावायला बघते म्हणून किर्रर्र वाजते. दोन दिवसांत कॉन्टॅक्ट जळतील. ब्रेक दाबून त्याच वायरीवर बघा, पूर्ण व्होल्ट दिसेल.

अर्थवर २.८ म्हणजे बल्बला मिळणाऱ्या व्होल्टातले पावणेतीन वाटेतच खर्च होतायत. अर्ध्या व्होल्टाच्या आत यायला हवं.

आता करायचं काय. बायपास मॉड्यूल घ्या, असल्या चालू-बंद लाईनला चालणारं, आणि घेताना ते लिहिलेलं आहे का बघाच. गाडीच्या लाईटच्या वायरीवरून ते फक्त इशारा घेतं, दोन-चार मिलीअँपिअर, बीसीएमला त्याचा पत्ताही लागत नाही. ट्रॉलीचा सगळा करंट बॅटरीवरून वेगळ्या वायरीनं, १५ अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ लावा, मागे नको. लाईटींना दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, अर्थला अडीच. मॉड्यूलचा अर्थ बॅटरीच्या मायनस टोकावर थेट लावू नका, तिथे बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो, त्याला बायपास केलं की त्याचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. बॉडीवर कंपनीचा अर्थचा बोल्ट असतो तिथे लावा. आणि ऑनलाईन मागवताना चपट्या चार पिनांचे अमेरिकन पद्धतीचे येतात ते घेऊ नका. तिकडे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बवर चालतात, आपल्याकडे इंडिकेटर वेगळा आणि पिवळा, ते आपल्या ट्रॉलीला बसत नाही.

कंपनीचं मॉड्यूल तुमच्या मॉडेलला मिळत असेल तर मात्र तेच घ्या, ते बसवल्यावर गाडीत कोडिंग करून ट्रेलर आहे हे नोंदवावं लागतं. बायपासमध्ये एक गोष्ट जाते ती आत्ताच सांगतो. ट्रॉलीचे बल्ब मग कुणीच मोजत नाही. बीसीएम फक्त गाडीचे बघणार. आणि सेन्सरही ओरडत राहणार, तो बटणानं बंद करायचा.

आडगाव_नाका

म्हणूनच म्हणतो, सी२ सारखा दिवा लावा. नव्या बायपास मॉड्यूल्सपैकी काहींना बझर येतो, ट्रॉलीचा इंडिकेटर खरंच करंट घेत असेल तरच तो प्रत्येक मिचकण्याला टिक वाजतो. ते घ्या.

निफाडची_थंडी

आणि ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि पट्टी लावाच. ती करंटवर चालत नाही. आमच्याकडे ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागे एकही दिवा नसलेल्या उभ्या असतात रस्त्याकडेला, पट्टी असली तर निदान लांबून दिसते. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे तिच्या लाईटी ही आपल्या गाडीच्या लाईटीइतकीच आपली जबाबदारी आहे.

मोहाडीकर

झालं काम. माझ्या मॉडेलला कंपनीचं मॉड्यूल मिळालं नाही, म्हणून बझरवालं बायपास मागवलं. सातपूरला जाऊन एका जाणत्या मेस्त्रींच्या हाताखाली उभं राहून बसवलं. (सातपूरभाऊ, तुम्हीच होता की काय कळलं नाही, पण रिलेचं ऐकून ते जे म्हणाले ते अगदी तुमच्यासारखंच होतं.)

आधी सगळे जुने जॉइंट काढले. सोललेल्या वायरी नीट सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह चढवली. बॅटरीपासून मागेपर्यंतची वायर कोरुगेटेड पाइपमधून, एक्झॉस्टपासून लांब. हुकाच्या पट्टीला जिथे कड होती ती फाइलनं गोल केली आणि वर रबरी ग्रोमेट. ट्रॉलीच्या दांडीवर अर्थच्या जागी रंग खरवडून लखलखीत केला, थिंबल लावून नटबोल्टनं आवळलं आणि वरून ग्रीस. सॉकेटच्या तीन नंबरला अडीच स्क्वेअर. तोच मीटर, तोच पुतण्या, ब्रेक आणि इंडिकेटर चालू, ०.२५ व्होल्ट. दोनदा बघितलं, खरं वाटेना. ब्रेक दाबला, इंडिकेटर एकदम काळे. पट्ट्या लुकलुकत नाहीत. गाडीत फॉल्ट नाही.

मग मेस्त्रींनी ट्रॉलीचा डावा इंडिकेटर बल्ब काढून ठेवला आणि मला म्हणाले आता आत बसून डावीकडचा द्या. गाडीचा बाण नेहमीसारखा मिचकत होता, डॅशबोर्ड म्हणत होता सगळं ठीक, पण बझर गप्प होता. बल्ब परत बसवला, टिक टिक सुरू. मग म्हणाले आता ब्रेकचा बल्ब काढतो. काढला, मी ब्रेक दाबला, आत काहीच कळलं नाही. बझर फक्त इंडिकेटरचा आहे. म्हणाले, ब्रेक आणि टेल मात्र रोज उतरून बघायचे.

तेव्हापासून निघताना बायको ट्रॉलीमागे उभी राहते आणि मोठ्यानं म्हणते, टेल दोन, ब्रेक दोन, डावा, उजवा. एकटा असलो की भिंतीजवळ ट्रॉली लावून आरशात लाल उजेड बघतो. आज पहाटे साडेपाचला पहिली खेप काढली, जानोरीपर्यंत चांगलं धुकं होतं.

गोदाकाठ

वाखूसा (वाचनखूण साठवली). दादा, सात पिनांची जोडणी एकदा लिहून ठेवाल का? माझा मित्र आता रेझिस्टर काढून नीट करणार आहे.

मोहाडीकर

लिहितो. मेस्त्रींनी प्लगच्या आतले आकडे दाखवले होते, प्रत्येक स्क्रूशेजारी बारीक कोरलेले असतात. १ नंबर पिवळी, डावा इंडिकेटर. २ निळी, मागचा फॉग. ३ पांढरी, अर्थ, ही जाड घ्यायची. ४ हिरवी, उजवा इंडिकेटर. ५ तपकिरी, उजवा टेल. ६ लाल, ब्रेक. ७ काळी, डावा टेल. आपल्याकडे काळी म्हणजे अर्थ ही सवय असते, इथे काळी डावा टेल आहे आणि पांढरी अर्थ, त्यात चुकू नका. रंगावर विसंबू नका, आकडा बघा, कारण आधी कुणी कुठली वायर वापरलीय सांगता येत नाही.

गोदाकाठ

डावा आणि उजवा टेल वेगळा का? एकाच वायरीनं चालला नसता का?

सातपूर_वायरिंग

चालला असता भाऊ, पण ती एक वायर गेली की दोन्ही बाजू एकदम अंधारात. वेगळ्या असल्या की एक गेली तरी दुसरी उरते. दादांच्या ट्रॉलीचा उजवा त्या दिवशी चालू राहिला तो त्यामुळेच.